शस्त्र आणि मालकाचा अभिप्राय : मौझर पिस्तुलाचा दाखला

जुन्या शस्त्राविषयीं मालकानें लिहून ठेविलेला अभिप्राय हा संग्राहकास मोलाचा कागद होय. परंतु शस्त्राचे गुण व मालकाची गरज हीं दोन्हीं त्यांत मिसळलेलीं असतात. तीं निराळीं केल्यावांचून अशा कागदावर विसंबूं नये, असें आमचें मत आहे.

जर्मनींतील ओबर्नडॉर्फ येथील मौझर कारखान्याचें 'सी ९६' हें अर्धस्वयंचलित पिस्तूल पाहावें. चाप ओढतांच गोळी सुटते, रिकामें टरफल बाहेर पडतें व पुढील काडतूस आपोआप नळींत येतें. दहा काडतुसांचें मॅगझिन चापाच्या पुढें असतें. लांकडी म्यान मुठीस जोडलें असतां तेंच बंदुकीच्या दस्त्याचें काम देतें.

१८९६ सालीं विन्स्टन चर्चिल मुंबईस ससून गोदींत उतरत असतां त्यांचा उजवा खांदा निखळला. पुढें २ सप्टेंबर १८९८ रोजीं सुदानांत ओम्दुर्मान येथील घोडदळाच्या हल्ल्यांत त्यांनीं तलवारीऐवजीं मौझर वापरलें. १९३० सालच्या आत्मवृत्तांत ते ह्या दुखापतीस इष्टापत्तीच मानतात. हातीं तलवार असती तर आपण कदाचित् वांचलों नसतों, असा त्यांचा भाव आहे. अभिप्राय प्रामाणिक खरा. परंतु तो दुखावलेल्या खांद्याचा, जिवंत परतलेल्या माणसाचा व बत्तीस वर्षांनंतरचा आहे. धडधाकट स्वारानें तलवार टाकावी कीं नाहीं, हें त्यावरून ठरत नाहीं.

दुसरा दाखला कलकत्त्याचा. २६ ऑगस्ट १९१४ रोजीं रॉडा कंपनीचीं ५० मौझर पिस्तुलें व ४६,००० काडतुसें क्रांतिकारकांच्या हातीं गेलीं. १९१८ च्या राउलट समितीच्या अहवालांत म्यान जोडून खांद्यावरून गोळी झाडण्याच्या सोयीचा मुद्दाम उल्लेख आहे. येथें रचनेविषयीं बोलतो तो मालक नव्हे, त्याचा प्रतिपक्ष. म्हणून त्याचाही हेतु ध्यानांत घेतला पाहिजे. मात्र प्रत्येक पिस्तुलाच्या क्रमांकाची नोंद कंपनीपाशीं होती, व त्यामुळेंच पुढें सांपडलेलीं पिस्तुलें ओळखतां आलीं.

अभिप्राय ही साक्ष होय. क्रमांक ही खूण होय. खूण हरवली म्हणजे साक्ष कोणत्या वस्तूविषयीं आहे हेंच कळेनासें होतें, आणि 'अमक्याचें पिस्तूल' ही नुसती दंतकथा उरते. यास्तव संग्राहकांनीं प्रथम क्रमांक, छाप व म्यानावरील अक्षरें उतरून घ्यावीं; मग अभिप्राय कोणी, केव्हां व कोणत्या प्रसंगानंतर लिहिला, हें त्याच टिपणांत नोंदवावें, अशी आमची विनंति आहे.