वॅटचा आकडा आणि ओहमचा हिशेब

निवृत्त झालं की माणसाच्या हातात दोन गोष्टी एकदम येतात. मोकळा वेळ आणि फंडाचे पैसे. अशा वेळी चूक होतेच. मीही केली.

घरात मोठे स्पीकर असावेत, ही माझी तरुणपणापासूनची हौस. ओळखीचे एक गृहस्थ कायमचे परदेशी मुलाकडे निघाले होते. त्यांची कंबरेइतक्या उंचीची स्पीकरची जोडी मी घेतली. मग दुकानात जाऊन होम थिएटरचा रिसीव्हर आणला. रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा, डिस्कचा आवाज आत घेणारा, त्याच्या पाच-सात वाटा करणारा आणि प्रत्येक वाटेला अ‍ॅम्प्लिफायर देणारा डबा. खोक्यावर ठळक छापलं होतं, १००० वॅट. आमची इस्त्रीसुद्धा तेवढ्याचीच. मला वाटलं, आता खिडक्यांची तावदानं हलणार.

पहिल्याच रविवारी नातवंडं जमली, सिनेमा लावला. ऐन पाठलागाच्या प्रसंगात रिसीव्हर ‘टक्’ करून बंद! पुन्हा चालू केला, दहा मिनिटांत पुन्हा बंद. “अहो, दुसऱ्याचे जुने स्पीकर आणलेत, आणखी काय होणार?” सौ. म्हणाली. दुकानदाराचंही तेच मत. महिनाभर असंच रेटलं, तर एका स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे बारीक, उंच आवाज काढणारा भाग, मुका झाला. मी वैतागून स्पीकर विकायला काढले. विकण्याआधी नीट करून घ्यावेत म्हणून एका दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्यानं स्पीकरच्या मागची पाटी वाचली आणि म्हणाला, “काका, हे चार ओहमचे आहेत. स्पीकर उत्तम आहेत. पण रिसीव्हर कोणता लावलाय?”

मित्रहो, हा प्रश्न मी खरेदीच्या आधी विचारायला हवा होता.

शाळेत आपण ओहमचा नियम पाठ केलेला असतो. व्होल्टेज तेच ठेवून रोध निम्मा केला की विद्युतप्रवाह दुप्पट होतो. गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, नळाचं तोंड म्हणजे स्पीकर. तोंड रुंद केलं की पाणी जास्त वाहणारच, पण टाकीत तेवढं पाणी हवं. आकड्यांत सांगायचं तर २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर प्रवाह ओढतो, ४ ओहमचा ५ अँपिअर. शिवाय पाटीवरचा आकडा नाममात्र असतो. स्वर बदलतो तसा रोध बदलतो आणि एखाद्या खर्जाच्या जागी तो पाटीवरच्या आकड्याच्याही खाली उतरतो. स्वस्त रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर एवढा प्रवाह पुरवू शकत नाही. डबा तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. माझा रिसीव्हर बिघडलेला नव्हता, दमलेला होता.

आणि ट्वीटर? अ‍ॅम्प्लिफायरला झेपेनासं झालं की आवाजाच्या लहरींचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत तीक्ष्ण स्वरांची ऊर्जा वाढते आणि नाजूक ट्वीटरची तार जळते. जास्त ताकदीनं स्पीकर उडतो, असं आपण समजतो. पुष्कळदा तो कमी ताकदीच्या, पण पिळून काढलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे उडतो.

दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची. स्पीकरच्या माहितीपत्रकात ८५ डेसिबल, ९० डेसिबल असा आकडा असतो. एक वॅट दिला, तर एक मीटर अंतरावर किती मोठा आवाज येईल, ते तो सांगतो. दर ३ डेसिबलला दुप्पट वॅट लागतात, १० डेसिबलला दसपट. चित्रपटगृहातल्या मापानं सर्वांत मोठा क्षणिक आवाज १०५ डेसिबलचा धरतात. ८५ डेसिबलच्या स्पीकरला मीटरभरावर एवढा आवाज काढायला १०० वॅट लागतील, ८८ च्या स्पीकरला ५० पुरतील. घरात इतक्या जोरात कोणी ऐकत नाही, पण आपण बसतोही तीन मीटर लांब.

यात एक मेख आहे. पुष्कळ कंपन्या हे माप २.८३ व्होल्टला घेतात. ८ ओहमला त्याचा एक वॅट होतो, ४ ओहमला मात्र दोन. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरच्या आकड्यातून ३ डेसिबल मनातल्या मनात वजा करायचे. माझ्या स्पीकरचे ८८ असे खरे ८५ निघाले.

आता माझे ते १००० वॅट. भिंग घेऊन खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. सात वाटांची ती बेरीज होती. एका वेळी एकच वाट चालू, ६ ओहमचा भार, एकच स्वर आणि आवाजात १० टक्के विकृती, अशा अटींवर मोजलेली. सोसायटीत सकाळी सातला सगळ्यांनी नळ सोडले की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. रिसीव्हरमध्येही सातही वाटांना टाकी एकच! अमेरिकेत असल्या फुगवलेल्या आकड्यांपायी फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये नियम करावा लागला आणि २०२४ मध्ये मोजमापाच्या अटी आणखी पक्क्या कराव्या लागल्या.

मग पाहायचं काय? ८ ओहमला, २० ते २०,००० हर्ट्‌झ या पूर्ण पट्ट्यात, निदान दोन वाटा एकदम चालू असताना, एक टक्क्याहूनही बरीच कमी विकृती धरून किती वॅट मिळतात, ते विचारा. ४ ओहमचा स्पीकर चालेल असं कंपनीनं लिहून दिलंय का, ते पाहा. काही रिसीव्हरमध्ये ४ ओहमची कळ असते, तिला भुलू नका. ती बहुधा आतलं व्होल्टेज उतरवते. डबा थंड राहतो, पण ताकदही घटते. मागे ‘प्री-आउट’ची भोकं असतील तर उत्तम. पुढेमागे फक्त मोठ्या स्पीकरांसाठी वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जोडता येतो.

स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर घरात असेल, तर रिसीव्हरच्या मेन्यूत पुढचे स्पीकर कितीही मोठे असले तरी ‘स्मॉल’ निवडा आणि ८० हर्ट्‌झखालचा खर्ज सबवूफरकडे पाठवा. सर्वांत जड ओझं परस्पर उतरतं. आणि रिसीव्हर बंद शोकेसमध्ये कोंडू नका, त्याच्या डोक्यावर लेसची चादर तर मुळीच नको. आमच्याकडे दोन्ही होतं.

शेवटी तो रिसीव्हर मी निम्म्या किमतीला काढला. ‘प्री-आउट’ असलेला घेतला आणि वर दोन वाटांचा वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्यावर प्रत्येक वाटेला ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला १८० वॅट, असं स्पष्ट लिहिलंय. हजाराच्या मानानं आकडा किरकोळ वाटतो. पण ट्वीटर बदलल्यावर पहिल्यांदा तबल्याची रेकॉर्ड लावली आणि डग्ग्याची घुमारी ऐकून सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. “स्पीकर नवे आणलेत का हो?” तिनं विचारलं.

स्पीकर तेच होते. त्यांना पोटभर मिळालं होतं, इतकंच.