मुलाखतीत उठून दिसायचं म्हणजे नेमकं काय?

मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या क्लासमध्ये एक हिशेब प्रसादासारखा वाटला जातो: समोरच्यावर जी छाप पडते त्यात ५५ टक्के वाटा देहबोलीचा, ३८ टक्के आवाजाचा आणि शब्दांचा फक्त ७ टक्के. तो ऐकून पोरं आरशासमोर हात कुठे ठेवायचे याचा सराव करत बसतात आणि आयटीआयच्या दोन वर्षांत आपण काय केलं, ते मात्र एकदाही आठवून बघत नाहीत. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आला. त्यांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगितलं. भावना आणि आवडनावड यांपलीकडच्या बोलण्याला हे सूत्र लागू नाही, असा खुलासा खुद्द मेहराबियन यांनीच केलेला आहे. नोकरीच्या मुलाखतीचा तिथे दूरान्वयानेही संबंध नव्हता.

मग उठून दिसायचं कशाने? नाशिकच्या पंचवटीत म्हसरूळ, हिरावाडी, मखमलाबाद, आडगाव या भागांतली मुलं सकाळी नदी ओलांडून सातपूर-अंबडला कामाला जातात, काही महामार्गाने ओझरकडे, काही सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत. तिथल्या मुलाखती निम्म्या वेळा केबिनमध्ये संपतच नाहीत. मी काही काळ टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो आहे. एका कारखान्यात आमच्या सुपरवायझरची पद्धत ठरलेली होती. टेबलावर लेथवर टर्न केलेला एक जॉब आणि व्हर्नियर कॅलिपर ठेवायचा आणि म्हणायचं, ‘‘व्यास सांग.’’ बहुतेक मुलं लगेच जबडे लावून वाचायला लागत: मुख्य पट्टीवर २४, व्हर्नियरची तेरावी रेघ जुळली, लीस्ट काउंट ०.०२, म्हणजे २४.२६ मिलिमीटर. उत्तर बरोबर. पण एकाने आधी खिशातला रुमाल काढून जबडे पुसले, ते पूर्ण मिटवून उजेडात धरले, शून्यावर शून्य बसतंय का पाहिलं आणि मगच जॉबला हात लावला. आकडा तोच आला. सुपरवायझरने पुढे फारसं काही विचारलं नाही. त्या मुलाचा शर्ट चुरगळलेला होता आणि बोलताना तो जमिनीकडे बघत होता.

‘पहिल्या तीस सेकंदांत निकाल लागतो’ हेही असंच पसरलेलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेकडो खऱ्या मुलाखती तपासल्या, तेव्हा पहिल्या मिनिटात मत पक्कं करणारे मुलाखतकार जेमतेम ५ टक्के निघाले. बहुतेकांनी पाच मिनिटांनंतर ठरवलं, कित्येकांनी त्याहूनही उशिरा. सुरुवातीच्या गप्पांचा थोडा परिणाम होतो, हे खरं. म्हणून नीट कपडे घालावेत, वेळेवर जावं. पण दारातून आत येताना पाय अडखळला म्हणजे सगळं संपलं, असं मानून पुढची वीस मिनिटं वाया घालवू नयेत.

इंग्रजीची भीती सगळ्यात जुनी. परदेशी ग्राहकाशी बोलायची नोकरी असेल, तर इंग्रजी लागणारच, तिथे पळवाट नाही. शॉपफ्लोअर, स्टोअर, मेंटेनन्स इथे मात्र मराठी-हिंदीत सर्रास मुलाखती होतात. फार कशाला, केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून दिली असेल, तर मुलाखतही मराठीतून देता येते. २०२५ गुणांतले २७५ गुण ठरवणारी ती मुलाखत आहे. पाठ केलेलं ‘मायसेल्फ अमुक तमुक’ दुसऱ्या प्रश्नाला कोसळतं. त्यापेक्षा स्वतःच्या भाषेतलं मुद्देसूद उत्तर केव्हाही बरं. मुलाखत कोणत्या भाषेत आहे, हे फोन येतो तेव्हाच विचारावं. त्यात कमीपणा नाही.

‘मी फ्रेशर, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो पंचवटीत तरी साफ खोटा आहे. इथे बाजार समिती आहे. घरोघरी कुणी ना कुणी भाजीच्या, फुलांच्या, वाहतुकीच्या धंद्यात आहे. एका डिस्पॅच विभागात जागा होती, तिथे बी.कॉम. झालेली एक मुलगी आली. बायोडेटात अनुभवाचा रकाना कोरा, छंद म्हणून वाचन आणि संगीत. ‘‘मालाचा हिशेब कधी ठेवलाय का?’’ असं सहज विचारल्यावर कळलं की वडील पालेभाज्या घेऊन रात्रीतून मुंबईला पाठवतात आणि वही तिच्याकडे असते. कोथिंबिरीच्या किती जुड्या चढल्या, शेकड्यामागे किती खराब निघाल्या, पावसात ओला माल दाबून भरला की नुकसान कसं वाढतं आणि तिने सांगितल्यावर गाडी भरायची पद्धत कशी बदलली, हे सगळं तिने आकड्यांसकट सांगितलं. हे तिने बायोडेटात लिहिलंच नव्हतं. घरच्या धंद्याची लाज वाटली असावी.

मोठ्या कंपन्या हल्ली सगळ्या उमेदवारांना तेच ते प्रश्न विचारतात आणि उत्तरांना ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देतात. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींच्या संशोधनाचा नव्याने आढावा घेतला. कामावर कोण चांगला ठरेल याचा अंदाज बांधायला ही पद्धत सर्वांत उपयोगी ठरली. मोकळ्या गप्पांची मुलाखत बरीच मागे पडली. अशा मुलाखतीत ‘एखादा प्रसंग सांगा’ हा प्रश्न हमखास येतो. काय घडलं होतं, तुमच्यावर काय सोपवलं होतं, तुम्ही स्वतः काय केलंत आणि त्यातून काय निघालं, या क्रमाने सांगावं. ‘आम्ही केलं’ म्हणण्याची आपली सवय तिथे नडते. तुमचा वाटा किती, हे समजतच नाही. असे तीन-चार प्रसंग तयार असले तर बरेच प्रश्न त्यात बसतात. कमजोरी विचारल्यावर ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ एवढं मात्र सांगू नये, सकाळपासून पाच जणांनी तेच सांगितलेलं असतं.

येत नाही ते ‘येत नाही’ म्हणण्याने नोकरी जात नाही. थापेने जाते, कारण समोरचा त्यावरच पुढचा प्रश्न विचारतो. ‘‘हे मशीन मी चालवलेलं नाही, साध्या लेथवर काम केलंय,’’ हे पूर्ण उत्तर आहे.

आता वशिला. खासगी कंपनीत ओळखीने बोलावणं येतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे व्हर्नियर स्वतःलाच धरावा लागतो. सरकारी नोकरीसाठी ‘मुलाखत सेट करून देतो’ म्हणत पैसे मागणारे मात्र सरळ फसवतात. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क, गट ड आणि तशाच स्वरूपाच्या अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखतीच बंद केल्या आहेत. जी मुलाखत होतच नाही, तिच्या नावावर लाखो रुपये मागितले जातात.

आणि शेवटी ‘‘तुम्हाला काही विचारायचंय?’’ असं आलं की मान हलवून ‘नाही सर’ म्हणणं नम्रपणाचं वाटतं, पण समोरच्याला ते अनास्थेसारखं दिसतं. पहिले तीन महिने कोणत्या मशीनवर ठेवणार, शिकवणार कोण, ट्रेनीचा काळ किती, हातात पगार किती येणार आणि त्यातून पीएफ किती कापला जाणार, हे सगळं विचारता येतं. पहिली पाळी असेल तर कंपनीची बस निमाणी बसस्थानकावरून सुटते का, हेही विचारावं.