देवराईचं सभासद कसं व्हायचं?



युरोपात हल्ली काही लोक स्वतःला 'पेगन' म्हणवतात. झाडं, पाणी, जमीन यांत देव मानायचा आणि त्या जमिनीची राखण करायची, असा त्यांचा धर्म. एस्टोनियात अशी जुनी पवित्र रानं आजही आहेत. 'बाई, आपल्याकडे असं काही आहे का?' असं एखाद्या मुलाने विचारलं तर काय सांगाल? पेगन हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ खेड्यातला माणूस. म्हणजे आपला गावकरीच की!

लालबाग, परळ, गिरगावच्या शाळांचा पट बघा. गिरण्यांच्या काळात कोकणातून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं त्यात भरपूर. शिमग्याला वर्ग ओस पडतो तो उगाच नाही. यातल्या बऱ्याच मुलांच्या गावी वाघजाई, काळकाई, रवळनाथ किंवा सातेरी असते आणि तिच्याभोवती राखलेलं रान असतं. तीच देवराई, रत्नागिरीकडे देवरहाटी. सातेरी तर अनेक गावांत वारुळाच्या रूपातच पुजतात.

देवराईत कुऱ्हाड चालत नाही. पडलेलं लाकूडही सरपणाला नेत नाहीत. झाड तोडायची वेळच आली, तर गुरव देवाला कौल लावतो. पाषाणावर फुलं किंवा तांदूळ चिकटवायचे. उजवं पडतं की डावं, त्यावरून होकार-नकार. अंधश्रद्धा म्हणणारे म्हणोत, पण त्यातली सोय बघा ना. निर्णय सगळ्या गावासमोर होतो, घाईत होत नाही, आणि एकट्याने रात्रीत झाड आडवं करायची कुणाची छाती होत नाही. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या या रानांचा अभ्यास मांडला, तेव्हा शास्त्रज्ञांचं लक्ष तिकडे वळलं. गावाला ते आधीपासून माहीत होतंच.

मुलांना हे पाण्यावरून समजवा. पालापाचोळ्याचा जाड थर पावसाचं पाणी धरतो, जमिनीत मुरवतो. म्हणून देवराईजवळचा झरा उशिरापर्यंत वाहतो. दुसरं उदाहरण धनेशचं. त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, आणि नर बाहेरून चोचीने फळं भरवतो. ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. रोपं लावून ती दहा वर्षांत मिळत नाही. (गारंबीची हातभर शेंग मिळाली तर वर्गात जरूर आणा, मुलं तास संपला तरी सोडत नाहीत.)

आता सभासदत्व. इथे फॉर्म भरावा लागत नाही. गावात जन्म झाला की तुम्ही आत. लग्न होऊन आलेली सून देवीची ओटी भरते, की तीही गावाची. मुलाने वेगळी चूल मांडली की त्याची वर्गणी वेगळी. मुंबईत गावाचं मंडळ असतं, चाळीतल्या खोलीत नाहीतर एखाद्या सभागृहात त्याची सभा होते. ज्यांना गाव नाही, त्यांना असं आत शिरता येत नाही. पण रान बघायला, श्रमदानाला जाता येतं, गावाला विचारून.

आणि खरी अडचण या मुंबईच्या सभेतच आहे. वर्गणी जमते ती बहुतेक वेळा जीर्णोद्धारासाठी. कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं, पुढे मोठा सभामंडप, गाड्यांना जागा, लाद्या. हे सगळं बसवायला जागा लागते, आणि ती देवराईतूनच निघते. भक्ती खोटी नसते हो! बारा महिने मुंबईत राबणाऱ्या माणसाला आपला देव चांगल्या घरात असावा असं वाटतं. पण ज्या देवाला पूर्वी छप्परसुद्धा नव्हतं, त्याचं घर ते रानच होतं, हे सभेत बोलायला कुणीतरी हवं. त्यात अनेक ठिकाणी सातबाऱ्यावर ही जमीन सरकारची असते, त्यामुळे कागदावर देवाचं नावही नसतं. राखण करणारं गावच.

तेव्हा पालकहो, पुढच्या सभेत मंडपाचा नकाशा आला की किती झाडं जाणार आणि झऱ्याचं पाणी कुठून वाहणार, हे दोन प्रश्न विचारा. आणि शिक्षकांनो, मे महिन्याच्या सुट्टीचा गृहपाठ असा द्या: आजी-आजोबांना घेऊन देवराईत जा, दहा झाडांची गावातली नावं लिहून आणा. पुस्तकातली नकोत, आजी म्हणते ती.