मेलेल्या ताऱ्यांचे डच पंचनामे

डोंगर नाही आणि आभाळ बहुतेक दिवस भरलेलंच; आकाश पाहायला नेदरलँड्स हा देश कुणी मुद्दाम निवडला नसता. तरीही तारे कसे मरतात याची विसाव्या शतकात जी उकल झाली, तिच्यातला मोठा वाटा लायडन आणि ॲम्स्टरडॅमचा आहे. मला तर वाटतं, ढगांचा तिथे फायदाच झाला. आपल्याला दिसत नाही म्हटल्यावर दुसऱ्याने पाहिलेलं नीट वाचायची सवय लागते.

डॅनिश शास्त्रज्ञ आयनार हर्ट्झस्प्रुंग 1919 मध्ये लायडनला आले. लाल ताऱ्यांत काही प्रचंड तेजस्वी तर काही अगदी मंद असतात, हे त्यांनी आधीच दाखवलं होतं. तेजस्वी लाल तारे म्हणजे इंधन सरत आलेले म्हातारे, हा अर्थ मात्र पुढच्यांनी लावला.

खरा पंचनामा झाला तो युद्धात. ज्यू प्राध्यापकांच्या बडतर्फीचा निषेध केला म्हणून 1940 च्या नोव्हेंबरात जर्मनांनी लायडन विद्यापीठ बंद पाडलं. त्याच काळात लायडनचे खगोलशास्त्रज्ञ यान ऊर्ट वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघाच्या मागे लागले होते. हा वायूचा ढग फुगतोय आणि हिशेब मागे नेला तर सुमारे नऊशे वर्षांपूर्वी तो एका बिंदूत असावा, हे कळलेलं होतं. खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी 1928 मध्ये 1054 च्या चिनी नोंदीकडे बोटही दाखवलं होतं. पण बोट दाखवणं वेगळं, सिद्ध करणं वेगळं.

ऊर्ट यांच्या मदतीला आले त्याच गावातले चिनी भाषेचे प्राध्यापक डाउव्हेनडाक. त्यांनी सोंग राजवटीच्या बखरी उलगडल्या. 4 जुलै 1054 ला दिसलेला पाहुणा तारा 23 दिवस भर उन्हात शुक्रासारखा दिसत होता, आणि रात्री तर 1056 च्या एप्रिलपर्यंत. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे निकोलस मेयॉल यांच्याकडे वायूच्या वेगाची मोजमापं होती. वेग आणि आकाशातला फुगण्याचा दर जुळवला की अंतर निघतं. अंतराला चिनी वर्णनाची जोड दिली की मूळ तेज. ते साध्या नवताऱ्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणजे हा अतिनवतारा, एका जड ताऱ्याचा शेवट. 1942 मध्ये हे लेखन अमेरिकेत छापून आलं. त्याच वर्षी ऊर्ट विद्यापीठाचा राजीनामा देऊन हुल्सहोर्स्ट या खेड्यात राहायला गेले. सोंग दरबारातल्या ज्योतिष्याला सम्राटासाठी शकुन पाहायचा होता, पण दिवस मोजण्यात त्याने कुचराई केली नाही, हे आपलं नशीब.

1957 मध्ये ऊर्ट यांचे विद्यार्थी लोडेवाइक वोल्त्येर यांनी याच तेजोमेघावर प्रबंध लिहिला. 1968 मध्ये त्या तेजोमेघाच्या पोटात सेकंदाला तीस गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा सापडला.

फुटलेल्या ताऱ्याच्या मागे राहिलेल्या जोडीदाराचं काय, हा प्रश्न 1961 मध्ये आद्रियान ब्लाऊ यांनी घेतला. जोडीतला एक तारा फुटून आपलं बहुतेक वस्तुमान उधळतो, तेव्हा दुसऱ्याला धरून ठेवणारी ओढच उरत नाही. तो आपल्याच वेगाने सुसाट निघतो. भरधाव पळणाऱ्या काही निळ्या ताऱ्यांचं कोडं त्यांनी असं सोडवलं. मला हा सगळ्यात देखणा युक्तिवाद वाटतो.

मग 28 फेब्रुवारी 1997. इटली आणि नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने गॅमा किरणांचा स्फोट टिपला, तोही उट्रेख्तमध्ये बनलेल्या कॅमेऱ्याने. ॲम्स्टरडॅमचे यान व्हान पाराडाइस आणि त्यांचे विद्यार्थी टीटुस गालामा व पॉल ग्रोट यांनी ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीच्या छायाचित्रांत त्याचा विझत जाणारा प्रकाश शोधला. असे स्फोट कुठे होतात यावर वीसहून अधिक वर्षं वाद चालला होता. ते फार दूरच्या दीर्घिकांमध्ये होतात हे त्या वर्षी ठरलं. व्हान पाराडाइस दोनच वर्षांत गेले.

29 मार्च 2003 च्या अशाच एका स्फोटात काही दिवसांनी अतिनवतारा उघड दिसला; म्हणजे हा स्फोटही एका ताऱ्याचं मरणच होता. त्या स्फोटाच्या रेडिओ लहरींचा माग पुढे कित्येक वर्षं दोन ठिकाणांहून ठेवला गेला: डच वेस्टरबोर्कच्या अँटेनांवरून, आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून.