‘क्विअर’ म्हणजे माझ्यासाठी काय?

तर मंडळी, ‘क्विअर’ ही इंग्रजीत आधी शिवी होती. विचित्र, वाकडा अशा अर्थाची. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘क्विअर नेशन’ गटानं ती अभिमानानं स्वतःच्याच नावात घेतली. तिकडच्या काही वयस्कर लोकांना ती अजूनही टोचते.

मला नाही टोचत. कारण शाळेत मला कुणी ‘क्विअर’ म्हणायचंच नाही, ‘बायल्या’ म्हणायचे. तो शब्द मिरवणं मला अजून जमलेलं नाही, खरं सांगतो.

मग ‘गे’ का नाही? ‘गे’ म्हटलं की फक्त मुलगेच आवडतात, असं ठरवून टाकावं लागतं. माझं तसं ठरलेलं नाहीये. ‘क्विअर’मध्ये ऐसपैस बसता येतं.

आईला मात्र अजून सांगायचंय. तिथे हा शब्द कामाचा नाही, मराठीतच सांगावं लागणार.