खोके, माती आणि आळीव : हिंजवडीतली घरगुती कारागिरी

हिंजवडीत हस्तकलेच्या कच्च्या मालाची टंचाई म्हणून नाही. फेज वन, टू, थ्री, कुठेही जा, संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरीवाल्यांची रीघ लागलेली असते. गेटवर नोंद, मोबाइलवर मंजुरी, लिफ्टने वर आणि अर्ध्या तासात खोका रिकामा होऊन दाराबाहेर. साध्या चार्जरच्या वायरीसाठी बुटाच्या मापाचा खोका येतो. महिनाभराचे खोके साठवले तर गणपतीचं अख्खं मखर उभं राहील, आणि गेली काही वर्षं अनेक घरांत ते राहतंही.

त्याला निमित्त झालं थर्माकोलबंदीचं. मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी घातली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती तरी सवलत द्या, अशी विनंती घेऊन थर्माकोलवाले उच्च न्यायालयात गेले; तिथेही ती मिळाली नाही. तोवर तुळशीबागेतून किंवा चिंचवडच्या बाजारातून पांढराशुभ्र महाल आणायचा आणि विसर्जनानंतर कचऱ्यात फेकायचा, ही रीतच होऊन बसली होती. बंदीनंतर लोक कापड, बांबू, कागद आणि पुठ्ठ्याकडे वळले. पुठ्ठा तर घरात पडूनच होता.

पुठ्ठ्याचंही एक शास्त्र आहे. खोक्याची कड नीट पाहिली तर दोन सपाट कागदांच्या मधे एक नागमोडी कागद दिसतो. या नागमोडी नळ्या उभ्या ठेवल्या तर खांब चांगलं वजन पेलतो, आडव्या ठेवल्या तर बसतो. नळ्यांच्या दिशेने घडी सहज पडते. आडवी घडी हवी असेल तर चमच्याच्या दांड्याने आधी रेघ दाबून घ्यावी लागते, नाहीतर पुठ्ठा भलतीकडेच मोडतो. आणि कमान हवी असेल तर? वरचा एक कागद पाण्याचा हात लावून सोलून काढायचा. उरलेला पुठ्ठा नळ्यांच्या रेषेत हवा तसा गोल वळतो. ही युक्ती एकदा हाती आली की मखराची कमान, शाळेच्या नाटकातला मुकुट आणि बाहुलीच्या घराचं छप्पर, तिन्ही एकाच खोक्यातून निघतात.

शाळेच्या प्रोजेक्टचा विषय निघाला की मात्र आयटी पार्कातले पालक एकमेकांकडे पाहून हसतात. ‘उद्या सोलर सिस्टिम न्यायचीय’ ही बातमी रात्री साडेनऊला फुटते. मग बाबा लॅपटॉप मिटून थर्माकोलचे गोळे शोधायला निघतात, आई शनीची कडी कापते आणि ज्याचा प्रोजेक्ट तो झोपलेला असतो. सकाळी शाळेत पन्नास प्रोजेक्ट येतात, त्यातले चाळीस पालकांचे. स्टेशनरीच्या दुकानात तयार ज्वालामुखी, तयार पवनचक्की आणि तयार ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ही मिळतं. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात शालेय शिक्षणात कार्यानुभव असावा असं सुचवलं होतं. हातांनी काम करून शिकावं, हा त्यामागचा हेतू. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावं, असं म्हटलं आहे. हेतू तोच, अनुभव मात्र पालकांच्या पदरात पडतो.

यात मुलांचं काय जातं, याचं उत्तर एका छोट्या प्रयोगात सापडतं. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली या तीन अमेरिकी संशोधकांचा ‘आयकिया इफेक्ट’ नावाचा निबंध 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काही नवशिक्यांना कागदाच्या घड्या घालून बेडूक आणि पक्षी करायला लावले आणि त्या वस्तूंना किती पैसे द्याल असं विचारलं. बघ्यांनी त्या वेड्यावाकड्या बेडकांना सरासरी 5 सेंट देऊ केले. करणाऱ्यांनी स्वतःच्या बेडकाला 23 सेंट! निष्णात कलाकारांनी केलेल्या सुबक नगांना बघ्यांनी 27 सेंट लावले होते, म्हणजे नवशिक्याला आपला बेडूक जवळजवळ त्याच तोलाचा वाटत होता. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट दिसली, ती पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्यांना काम अर्धवट सोडायला लावलं, त्यांना त्या वस्तूचं तेवढं मोल वाटलं नाही. वाकडं का होईना, ते मुलानेच पूर्ण करायला हवं. रात्री अकराला आईने येऊन ‘दे इकडे, मी करते’ म्हटलं की त्या वस्तूवरचा मुलाचा हक्क तिथेच संपतो.

इंजिनिअरांच्या या गावाने अरविंद गुप्ता यांची आठवण तर जरूर ठेवावी. 1975 साली आयआयटी कानपूरमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन हा माणूस पुण्यात टेल्कोत नोकरीला लागला. 1978 मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करायला गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचे छोटे तुकडे केले आणि दोन्ही टोकांना काड्यापेटीतल्या काड्या खुपसल्या, की झाला लवचीक सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो कितीही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटाच्या एका ढकलीत कलंडतो, आणि त्यात एक तिरकी काडी घातली की पुन्हा ताठ. कारखान्यांच्या छपरांच्या कैच्या त्रिकोणांच्याच का असतात, हे सहावीतल्या मुलाला सूत्राशिवाय कळतं. पुढे ‘मॅचस्टिक मॉडेल्स’ हे त्यांचं पुस्तक आलं, गणेशखिंडीतल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली आणि तिथे गुप्तांनी स्ट्रॉ, वर्तमानपत्र, जुन्या सीडी यांच्यापासून शेकडो खेळणी करून दाखवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर ही खेळणी आणि पुस्तकं मराठीसह अनेक भाषांत फुकट आहेत. काडीचा त्रिकोण करायला पाच रुपयेही लागत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन मिळणाऱ्या हजार-दीड हजारांच्या ‘स्टेम किट’ची जाहिरात पाहिली की जरा गंमतच वाटते.

किटमध्ये सगळं असतं, करून दाखवणारं माणूस तेवढं नसतं. हिंजवडीच्या घरांत ते माणूस बहुधा लातूर, जळगाव, सांगली किंवा अमरावतीहून येतं. नातवंड होणार असलं की आजी चार-सहा महिने मुक्कामाला येतात आणि त्यांच्या पिशवीत धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या असतात. बाळासाठी दुपटी, झबली, कुंची शिवायची तर जुनंच कापड हवं. त्यातली खळ केव्हाच निघून गेलेली असते, धागा सैल झालेला असतो आणि ते ओल चटकन टिपतं. नवं कापड कितीही महागाचं असो, सुरुवातीला टोचतंच. अडचण अशी की मधल्या पिढीच्या कपाटात सिंथेटिक साड्या आणि कुर्त्यांशिवाय काही नाही, त्यामुळे हा साठा आजींपाशीच संपणार.

गोधडीला तर जागाही लागते. सोफा आणि टीपॉय भिंतीला सरकवायचे, हॉलभर खालचं कापड अंथरायचं, मधे जुन्या कापडांचे थर सुरकुती न पडू देता पसरायचे, वर चांगलं लुगडं घालायचं आणि चारी बाजूंनी टाचून घ्यायचं. मग कडेपासून आत धावदोरा, चौकोनात चौकोन, मध्यावर येईपर्यंत. थर हलू नयेत म्हणून एकीने एका कडेला बसायचं, दुसरीने दुसऱ्या. दोघींचे टाके एकसारखे कधीच येत नाहीत, आणि हाती शिवलेली गोधडी ओळखायची खूण तीच. पुण्यात भीमथडी जत्रेत बचत गटांच्या अशा गोधड्या दिसतात आणि चांगल्या किमतीला जातात. ते योग्यच आहे. इतक्या तासांची मजुरी स्वस्त असूच नये. पण घरात शिवलेल्या गोधडीत कोणतं कापड कोणाच्या साडीचं, हे बोट ठेवून सांगता येतं. सॅन होजे किंवा डॅलसला ‘ऑनसाइट’ गेलेल्या मुलीच्या बॅगेत तेवीस किलोंच्या हिशेबात ही दीड-दोन किलोंची गोधडी बसवायची, म्हणून लोणच्याची बरणी मागे ठेवणाऱ्या आया हिंजवडीत आहेत.

संक्रांतीचा हलवा मात्र घरातून जवळपास गेलाच. बाळाचं बोरन्हाण आणि नव्या सुनेचा पहिला सण, दोन्हीला हलव्याचे दागिने लागतात. सुनेला हार, बांगड्या, बाजूबंद, बिंदी. जावयाला गुच्छ, नारळ आणि हौशी घरांत हलव्याचं घड्याळसुद्धा. बाळाला मुकुट आणि बासरी. काळ्या झबल्यावर हे पांढरे दागिने असे काही उठून दिसतात की फोटोवाल्याला वेगळी सजावट करावीच लागत नाही. दागिने तयार मिळतात, भाड्यानेही मिळतात. हलवाही तयार आणतात, कारण तो करणं म्हणजे अंत पाहणारं काम. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, परात अगदी मंद आचेवर ठेवायची. साखरेचा स्वच्छ पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी दाणे हळूहळू हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की साखर पिवळी पडते. काही दिवस असं चाललं की दाण्यावर काटा फुटू लागतो. त्याला कोरडी थंडीच लागते. हवा दमट किंवा ढगाळ असली की काटा रुसतो. ज्यांना सबंध हलवा झेपणार नाही त्यांनी तो विकत आणून निदान दागिने तरी घरी करावेत. पुठ्ठ्यावर आकार कापायचा, सोनेरी कागद चिकटवायचा आणि वर एकेक दाणा बसवत जायचं. चार वर्षांच्या मुलाला हे काम बेहद्द आवडतं. निम्मे दाणे पोटात जातात, तेवढे धरूनच चालावं.

आणि दिवाळीचा किल्ला. इथे हिंजवडीची मोठी गंमत आहे. मुळशी तालुक्यातलं हे भाताचं गाव. गावचा म्हातोबा अजून इथेच आहे, चैत्रात त्याचं बगाड निघतं. पण खाचरांवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या मुलांना किल्ल्यासाठी घमेलंभर माती मिळत नाही. सोसायटीची बाग बहुतेक ठिकाणी पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर असते. तिथली माती खणली तर माळी ओरडतो, पाणी ओतलं तर खालच्या गाडीवर गळतं. मग बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला येतो, त्यावर महाराज बसतात आणि दिवाळी साजरी होते.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातला लोहगड हिंजवडीच्या पोरांना शनिवारी सकाळी जाऊन दुपारी परत येण्याइतका जवळ आहे. तो पाहून आल्यावर करायला घेतला तर वळणावळणाने चढणारी वाट, तिच्यावरचे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे आणि एका बाजूला लांब गेलेली विंचूकाट्याची सोंड, एवढं तरी किल्ल्यात उतरवता येतं. विटा आणि दगड रचायचे, चिखलात बुडवलेलं गोणपाट त्यावर टाकायचं, सुकून चिरा पडल्या की दुसरा हात द्यायचा. हिरवळीसाठी गहू नको, आळीव हवेत. भिजले की आळिवांवर बुळबुळीत आवरण येतं, त्यामुळे ते कड्याच्या उतारावरही घसरत नाहीत, चिकटून राहतात. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरले तर नरकचतुर्दशीला गड हिरवा असतो. मावळे हवेत तर कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात एक फेरी मारावी.

सोसायट्यांच्या समित्या दिवाळीत रोषणाईवर आणि डीजेवर भरपूर खर्च करतात. या वर्षी तेवढ्याच उत्साहाने अर्धा ब्रास माती मागवावी. मान, मारुंजी, नेरे भागात ट्रॅक्टरवाले ती आणून टाकतात. एका कोपऱ्यात ताडपत्री अंथरून तिच्यावर माती टाकावी, म्हणजे खाली गळण्याची तक्रार येणार नाही. स्पर्धा ठेवायचीच असेल तर मोठ्यांनी किल्ल्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम पुरे. किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्यावा, आणि नंतर ती माती सोसायटीतल्या घराघरांतल्या कुंड्यांना वाटून टाकावी.