शेळीवर धावणारा कुत्रा : काठी, साखळी की शिकवण?



शेतीच्या पत्रकात कुत्र्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण आपल्या खोडाळा भागात ज्याच्या दारात चार शेळ्या आणि दहा कोंबड्या, त्याच्या दारात कुत्रा असतोच. नागली-वरईत रानडुक्कर शिरले तर चाहूल तोच देतो. बिबट्या फिरकला तर आधी तोच भुंकतो. हा राखणदारच बिघडला म्हणजे मात्र घरचे नुकसान घरातूनच होते.

मागच्या पावसाळ्यात एका पाड्यावर गेलो होतो. कुत्र्याने घरचेच करडू मारले होते. घरधनी म्हणाले, "साहेब, मेलेलं करडू त्याच्या नाकाला घासलं आणि काठीनं चांगला झोडपला. आता नाही करायचा."

मी विचारले, "काका, मारलंत कधी?"

"संध्याकाळी. आवणीवरनं आल्यावर."

करडू तर सकाळीच गेले होते. पंधरा दिवसांत त्याच कुत्र्याने दुसरे करडू धरले. सोडवायला काठी घेऊन धावलेल्या मुलाच्या हातालाही दात लावले. कुत्रा तोच, मार भरपूर, तरी खोड गेली नाही. असे का झाले, ते आता पाहू.

आधी कारण शोधा

ताप आला की आपण म्हणतो, कशाचा ताप ते आधी बघा. कुत्र्याच्या खोडीचेही तसेच आहे. साधारण कारणे अशी :

(१) पळणाऱ्या जनावरामागे पळणे हे कुत्र्याच्या रक्तातच आहे. करडू उड्या मारत पळाले की तो मागे लागतो. त्यात राग नसतो.

(२) भूक. दिवाळीनंतर पाड्यावरची बरीच घरे वीटभट्टीला किंवा बांधकामावर जातात. कुत्रा मागे राहतो. खायला घालणारे कोणी नसले की तो कोंबड्या धरायला शिकतो. चव लागली की माणसे परत आली तरी सवय राहते.

(३) भीती. लहानपणी दगड खाल्लेला कुत्रा परक्या माणसाला, काठीला, पोरांच्या घोळक्याला घाबरतो. पळायला वाट नसली की चावतो.

(४) राखण. व्यालेली कुत्री पिल्लांजवळ कोणाला येऊ देत नाही. खाताना हात घातला तर काही कुत्री गुरगुरतात.

(५) दुखणे. कानात गोचीड, पायात काटा, सडलेली जखम असेल तर गरीब कुत्राही हात लावू देत नाही. अशा वेळी आधी पशुवैद्यकीय दवाखाना, मग बाकीचे.

पहिली रीत : काठी

मार देऊन सुधारण्याची रीत जुनी आहे. ती वाईट हेतूने कोणी करत नाही. पण तिच्यात तीन दोष आहेत.

पहिला दोष वेळेचा. कुत्रा केलेल्या कामाचा आणि मिळालेल्या फळाचा संबंध जोडतो, पण दोन्ही लागोपाठ, एक-दोन सेकंदांत घडले तरच. सकाळच्या करडाचा मार संध्याकाळी बसला तर त्याला एवढेच कळते, की मालक घरी आला म्हणजे मार बसतो.

दुसरा दोष असा, की मार चुकीच्या गोष्टीला चिकटतो. समोर मूल उभे असताना मार बसला तर कुत्रा मुलाला भिऊ लागतो.

तिसरा दोष सर्वांत धोक्याचा. गुरगुरणे ही कुत्र्याची सूचना आहे. गुरगुरला म्हणून दर वेळी मारले, तर तो सूचना देणे सोडतो आणि पुढे न गुरगुरताच चावतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यांनी २००९ साली कुत्रेमालकांना विचारून घेतलेली माहिती प्रसिद्ध केली. नको ते करणाऱ्या कुत्र्याला ज्यांनी मारले किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी शंभरातल्या ४३ जणांवर कुत्रा उलटला होता. काकांच्या मुलाच्या बाबतीत तेच झाले.

दुसरी रीत : साखळी आणि लोढणे

बांधून ठेवले की त्या दिवसाचे नुकसान टळते, हे खरे. शेळ्या सुटतात-बांधतात त्या वेळी कुत्रा बांधलेला असावाच. पण बांधणे म्हणजे शिकवणे नव्हे. दिवसभर जखडलेला कुत्रा अधिक चिडका होतो आणि सुटला की दुप्पट जोराने धावतो. गळ्यात लोढणे अडकवले तर धाव कमी होते, ओढ कमी होत नाही.

रात्री कुत्रा अंगणात उघड्यावर बांधू नये. सह्याद्रीपलीकडे अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा त्याहून कितीतरी कमी. साखळीला बांधलेला कुत्रा पळू शकत नाही. त्याला रात्री पडवीत किंवा बंद गोठ्यात घ्यावे.

तिसरी रीत : शिकवण

हिचे तत्त्व सोपे आहे. ज्या कामाचा फायदा होतो ते काम कुत्रा पुन्हा करतो. म्हणून नको ते काम घडण्याची संधी द्यायची नाही, आणि हवे ते काम घडले की त्याच क्षणी बक्षीस द्यायचे. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाने २०१४ साली ६३ कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत हाकेला न येणारी, जनावरांमागे लागणारी कुत्री होती. काहींना विजेचा झटका देणारा पट्टा वापरून शिकवले, काहींना बक्षीस देऊन. झटक्याने बक्षिसापेक्षा जास्त काही साधले नाही, उलट कुत्र्यांवर ताण दिसला.

आपल्याकडे पट्टा नको, पैसाही नको. भाकरीचे बोराएवढे तुकडे, त्याला थोडी सुकट किंवा सुक्या बोंबलाचा चुरा लावलेला, आणि वीस हात दोरी एवढे पुरे.

शेळीवर धावणाऱ्या कुत्र्यासाठी असे करा :

१. शेळी खुंटाला बांधा. कुत्रा दोरीवर धरून तीस पावलांवर उभे राहा. तो ताठ होऊन ओढत असेल तर आणखी मागे जा.

२. शेळीकडे पाहून त्याने मान आपल्याकडे वळवली की लगेच "शाब्बास" म्हणा आणि तुकडा द्या. उशीर नको.

३. पाच मिनिटांत थांबा. सकाळ-संध्याकाळ असे दोनदा. तीन दिवस नीट वागला तर दोन-तीन पावले पुढे सरका. ओढू लागला तर तेवढेच मागे या.

४. याच वेळी हाक शिकवा. "ये" हा एकच शब्द घरातल्या सर्वांनी वापरावा. आला की तुकडा मिळालाच पाहिजे. हाकेला आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नका, नाहीतर तो पुन्हा येणार नाही.

५. जवळून नीट जाऊ लागला की मग चालत्या शेळ्यांपुढे हाच पाठ घ्या. दोरी सोडायची घाई करू नका. महिना-दीड महिना लागतो.

पाहुण्यावर धावणाऱ्या कुत्र्यालाही हीच रीत. माणूस लांब उभा करावा, त्याने कुत्र्याच्या डोळ्यांत पाहू नये, आणि कुत्रा शांत राहिला की मालकाने तुकडा द्यावा.

नवे पिल्लू आणणार असाल तर काम आणखी सोपे. तीन ते बारा आठवड्यांच्या वयात पिल्लू ज्यांच्या सोबतीत वाढते, त्यांना ते आपले मानते. आईपासून दूध सुटल्यावर, साधारण आठव्या आठवड्यात, ते घरी आणावे आणि शांत मोठ्या शेळ्यांजवळ, आपल्या नजरेखाली वाढवावे. माणसांशी, पोरांशीही तेव्हाच ओळख करून द्यावी.

शिकवणीची मर्यादा

खोटी आशा देत नाही. ज्या कुत्र्याने दोन-चार करडे मारली, तो शिकला तरी कोणी जवळ नसताना शेळ्यांत मोकळा सोडू नये. मुलाला खोल चावलेला कुत्रा मुलांपासून वेगळा ठेवावा. रागाच्या भरात विष मात्र घालू नका. तो गुन्हा आहे, आणि ते विष कोणाच्या पोटात जाईल याचा नेम नाही.

पिसाळलेला कुत्रा ही वेगळी गोष्ट

एकाएकी स्वभाव बदलला, लाळ गळते, गिळता येत नाही, पाय लटपटतात, दिसेल त्याला चावतो, तर ती खोड नव्हे, तो रोग असू शकतो. घशात हाड अडकले समजून तोंडात हात घालू नका. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, हळद, मिरची लावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा आणि इंजेक्शने सांगितल्या तारखांना पूर्ण घ्या. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर लस द्यावी, पुढे दरवर्षी.

काकांच्या मुलाची सगळी इंजेक्शने झाली, पोरगा ठणठणीत आहे. कुत्र्यालाही लस टोचली. काकू रोज दोन वेळा तुकडे घेऊन त्याला शेळ्यांपुढे उभा करत. दिवाळीला गेलो तेव्हा तो दोरीवर शेळ्यांच्या बाजूने मुकाट चालत होता आणि दर चार पावलांनी काकूंच्या हाताकडे बघत होता. घरात कोणी नसले की अजूनही त्याला गोठ्यात कोंडतात, आणि ते बरोबरच आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा : आधी कारण शोधा. पोटभर खायला घाला. नुकसानीची संधी देऊ नका. चांगले वागला की त्याच क्षणी बक्षीस द्या. घरातल्या सर्वांनी एकच रीत पाळा. काठी रानडुकरासाठी ठेवा.